अठरा फुटांचं गाढव

९ जानेवारी

हे काम मला दोन कप चहा, मेहुण्याचा एक टोमणा आणि बायकोचा तीन दिवसांचा अबोला एवढ्याला पडलं. चहा झाला नगरपालिकेत, अभियंतासाहेबांच्या खोलीत. टोमणा घरी, जेवताना. "भावोजी, जन्मभर पाण्याच्या टाक्या केल्यात, आता गाढवं करणार?" असं म्हणून मेहुणा हसला, आणि केवळ त्याचं ते हसू बंद करायचं म्हणून मी दुसऱ्या दिवशी जाऊन होकार देऊन आलो. अबोला यासाठी, की होकार देण्याआधी हिला विचारलं नाही. आज ही बोलली. "ते गाढव राहणार कुठे?" म्हटलं, चौकात. "मग ठीक. घरात एक आहे."

मोठ्या चौकातलं कारंजं बंद पडून आठ वर्षं झाली. त्या जागी लोखंडी पत्र्याचं गाढव उभं करायचं, कानाच्या टोकापर्यंत अठरा फूट. शिल्पकारबाईंनी मातीचा दीड फुटी नमुना केलाय, मी तो बारापट करायचा. बाई साहेबांना सांगत होत्या, "या शहराची प्रत्येक वीट गाढवाच्या पाठीवरून आली. आणि आज शहरात एक गाढव उरलेलं नाही." साहेब म्हणाले, "अगदीच नाही असं म्हणता येणार नाही." बाई हसल्या नाहीत. मी कपात तोंड घातलं. तिथे बसलेल्या एका सभासदाने विचारलं, सिंह का नको? बाई म्हणाल्या, "सिंहाने एक तरी वीट वाहिली का?" तिथेच मला बाई आवडल्या.

साहेबांनी मला विचारलं, जमेल ना? मी सांगितलं, सव्वीस वर्षांत माझ्या दारातून गेलेल्या टाकीतून थेंब गळलेला नाही. साहेब म्हणाले, "गाढव गळत नाही हो." पण ते खूश दिसले.

१२ जानेवारी

मिस्त्रीला नमुना दाखवला. त्याने तो उलटा करून आधी पोट बघितलं, मग पाय. "तीनच पाय जमिनीवर आहेत," म्हणाला. पुढचा उजवा पाय बाईंनी उचललेला घेतलाय, चालायला निघाल्यासारखा.

मिस्त्री आणि मी एकाच वर्षी एकाच कारखान्यात झाडू मारायला लागलो. तो वेल्डिंग शिकला, मी गिऱ्हाईक ओळखायला शिकलो. म्हणून आज पाटीवर नाव माझं आहे. चारचौघांत तो मला 'मालक' म्हणतो. दोघंच असलो की 'अरे'. माझी त्याला हरकत नाही. जुन्या माणसाला तेवढी मोकळीक द्यावी.

४ फेब्रुवारी

बाई रोज येतात. खडूने खुणा करतात, मग त्याच पुसतात. आज कानांवरून वाद झाला. कान त्यांनी मुद्दाम मोठे घेतलेत, एकेक पाच फूट, वर आभाळाकडे उघडे. मी म्हटलं, आत तळाला पत्रा मारून बंद करतो. "नाही," बाई म्हणाल्या. "कानाचं भोक थेट डोक्यात गेलं पाहिजे. शेजारच्या इमारतीतून बघितलं तर आत काळोख दिसला पाहिजे. गाढव ऐकतंय असं वाटलं पाहिजे."

मिस्त्री म्हणाला, "म्हणजे कान, डोकं, मान, पोट, सगळं आतून एकच."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाईंची कला आहे, आपण पत्रा वाकवायचा.

१९ मार्च

आज गाढवाला पाणी पाजलं.

मुंडकं अजून बसवलेलं नाही. मानेच्या उघड्या तोंडातून नळी सोडून पोट काठोकाठ भरलं, बाहेरून सगळ्या सांध्यांना खडू फासला आणि तसंच ठेवलं. खडू ओला दिसला की समजायचं, तिथे गळतंय. एवढं वजन पाय कशाला पेलतील म्हणून पोटाखाली चार टेकू दिले होते. बाईंनी येऊन विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, बाई, ही आमच्या घराण्याची रीत आहे. घराणं म्हणजे मीच. माझ्या आधी घराण्यात कोणी लोखंडाला हात लावलेला नाही.

सकाळी बघतो तर खडू कोरडा ठणठणीत. थेंब नाही. मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली.

२० मार्च

पाणी सोडायला पोटाच्या तळाशी मिस्त्रीने एक भोक ठेवलं होतं, त्याला बोल्ट मारून. आज बोल्ट काढला, पाणी गेलं. मी म्हटलं, आता भोक बुजव.

"राहू दे ते," मिस्त्री म्हणाला.

"कशाला?"

"पाणी जायला."

"येणार कुठून? ही टाकी आहे का?"

"पाण्याला पत्ता सांगावा लागत नाही, अरे."

"आणि चौकात सगळं गाव खालून बघणार. पोटाला भोक असलेला माल माझ्या दारातून जायचा नाही. लोक म्हणतील, टाकीवाल्याला साधं भोक बुजवता आलं नाही."

त्याने वाद घातला नाही. वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात दिला. "मग तूच बुजव." मीच बुजवलं. बऱ्याच वर्षांनी हात लावला, पण हात विसरलेला नाही. वरून ग्राइंडर असा फिरवला की बोट फिरवलं तरी जागा सापडायची नाही. मिस्त्रीला दाखवलं. "छान," म्हणाला. हा माणूस कौतुकाला कंजूष.

११ मे

गाढव उभं राहिलं. क्रेनने उचलताना अर्धं शहर जमलं होतं. मी गर्दीत घुसून कान उघडे ठेवले. लोक काय म्हणतात ते तोंडावर कधी कळत नाही.

"हे घोडं आहे का?"

"घोड्याचे एवढे कान असतात का? तुमच्या सासऱ्यांवर गेलंय."

"आपल्या साहेबाचा पुतळा जिवंतपणीच उभा केला म्हणायचं!"

एक म्हातारे गृहस्थ मात्र गाढवाच्या पायाशी जाऊन उभे राहिले. मग शेजारच्याला म्हणाले, "माझ्या बापाकडे सहा होती." आणि डोळे पुसले. मी ते बाईंना जाऊन सांगितलं. त्या दिवशी बाईंनी एकही खूण पुसली नाही.

मेहुणाही आला होता. म्हणाला, बरं झालंय. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

१८ जून

आठवडाभर पाऊस. चौकात जाऊन आलो. गाढव धुऊन लखलखीत. एक मुलगी आईला विचारत होती, "त्याच्या कानात पाणी जात नाही?" आई म्हणाली, "ते खोटं आहे, सोन्या." हसू आलं.

२२ जुलै

पावसाची उघडीप. साहेबांबरोबर चौकात. पादचारी पुलाचं काम निघतंय, कठड्यांसकट सगळं लोखंड. साहेब म्हणाले, गाढव नीट उभं राहिलं तर तुमच्यासाठी शब्द टाकायला मला बरं. मी म्हटलं, बघा ना. आणि गाढवाच्या पोटावर हात मारला. मे महिन्यात हात मारला की ढोलासारखं वाजायचं. आता आवाज भरदार येतो, गंभीर. साहेबांना सांगितलं, लोखंडही माणसासारखं मुरतं. नवं असताना फार वाजतं.

साहेबांना ते वाक्य आवडलं. मलाही.

२१ ऑगस्ट

मागच्या डाव्या पायाला, मांडीच्या सांध्यात, केसाएवढी चीर. झाडूवालीने बघितली, तिथून गंजाचा ओघळ आला होता. साहेबांनी दुपारपर्यंत चारी बाजूंनी कुंपण घातलं आणि वर पाटी लावली: जवळ जाऊ नये. वरातीमागून घोडं. इथे गाढव.

मी शिडी आणि मिस्त्रीला घेऊन पोचलो. साहेबांनी चीर बघितली, घाम पुसला, विचारलं, "हा सांधा कोणी मारला?"

मी मिस्त्रीचं नाव सांगितलं. हे खोटं नाही; सांधा त्यानेच मारला होता. "वय झालंय, हल्ली चष्मा लागलाय," हे मात्र मला कोणी विचारलं नव्हतं. ते मी आपण होऊन सांगितलं. मिस्त्री चार हातांवर शिडी धरून उभा होता.

२२ ऑगस्ट

साहेबांनी अहवाल लिहिला: 'वेल्डरच्या हलगर्जीपणामुळे सांधा कमकुवत राहिला. सदर वेल्डरला यापुढे नगरपालिकेच्या कोणत्याही कामावर घेऊ नये.' खाली माझी सही पाहिजे होती. मी म्हटलं, हलगर्जीपणा जरा कडक होतं. साहेब म्हणाले, "मग काय लिहू? मालकाचा हलगर्जीपणा? पुलाचं काम कोणाला देऊ मग?" ते हसत होते, पण पेन त्यांनी माझ्याच बाजूला सरकवलं होतं.

सही केली. पूल झाला की साहेबांना सांगून ते वाक्य काढून टाकू. आज एकाच माणसावर येतंय, नाहीतर माझ्याकडच्या चौदा जणांच्या कामावर आलं असतं. असा हिशेब मनात तीनदा केला, तिन्ही वेळा बरोबर आला. तरी चौथ्यांदा करावासा वाटतोय.

२३ ऑगस्ट

मिस्त्रीला अहवाल वाचून दाखवला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून बरं. ऑफिसात दोघंच होतो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुम्ही म्हणता तसंच असेल, मालक."

एकांतात 'तुम्ही' म्हणाला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. उशिरा का होईना, मालक कोण हे त्याला उमगलं असं दिसतं.

२४ ऑगस्ट

संध्याकाळी मिस्त्रीने वेल्डिंगचा मुखवटा खुंटीला अडकवला, स्वतःची हातोडी पिशवीत घातली आणि सगळ्यांना "येतो" म्हणून गेला. हातोडी कधी घरी नेत नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं बघावं वाकून." मी म्हटलं, तुला लोखंडातलं काय कळतं? "लोखंडातलं नाही कळत. तो चार वेळा आपल्या घरी रात्रभर बसला होता, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. तेवढं कळतं."

"अगं, रुसलाय तो. एक रविवार जाऊ दे. हा माणूस माझ्याशिवाय कुठे उभा राहील? सोमवारी आठच्या ठोक्याला दारात उभा नसला तर नाव बदलून ठेवीन!"

"कुठलं? पाटीवरचं?" ही म्हणाली.

२६ ऑगस्ट

सोमवार. आला नाही. अंग मोडून आलं असेल, हवाच तशी आहे.

३० ऑगस्ट

नवा वेल्डर आणला. प्रमाणपत्रं फ्रेममध्ये लावलेला माणूस. चीर कापून, आतून पट्टी देऊन सांधा नव्याने मारला. काम चोख आहे. मिस्त्रीपेक्षा हळू, पण चोख. साहेबांनी फोटो काढून वर पाठवले.

मिस्त्रीला निरोप पाठवायचा विचार केला. पण आधी आपण हाक मारली तर माणूस डोक्यावर बसतो.

११ सप्टेंबर

तीन दिवस धो धो पाऊस, आणि नव्या सांध्याशेजारी पुन्हा चीर. नव्या वेल्डरला चष्मा नाही. वय अठ्ठावीस.

त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "शेठ, या गाढवाचं वजन नक्की किती?" कागदावर साडेतीन टन आहे, सांगितलं. म्हणाला, "पाय तसं म्हणत नाही."

१२ सप्टेंबर

झोप नीट लागली नाही. उजाडताच चौकात जाऊन कुंपणाबाहेरच्या बाकावर बसलो. झाडूवाली आणि फुलवाली बोलत होत्या. मला पाठमोऱ्या.

"पहिली बस वळली की याच्या पोटात डुचमळतं बघ."

"भूक लागली असेल."

"अगं खरंच. माझ्या घागरीसारखं. मी साहेबाला सांगणार होते, पण साहेब म्हणेल, झाडू मार."

पहिली बस आली, वळली. मी कान दिला.

मग मी कुंपणावरून आत गेलो. या वयात, या पोटासह. नव्या वेल्डरची शिडी आणि हातोडी आतच होती; शिडी लावून गाढवाच्या पाठीपासून ठोकत खाली आलो. टण, टण, टण, आणि मग ठप्प. पुन्हा वर. टण. खाली. ठप्प. झाकण न उघडता टाकीत पाणी किती हे ठोकून सांगतो म्हणून मी गिऱ्हाइकांकडून टाळ्या घेतल्यात. खिशातल्या खडूने रेघ ओढली. रेघ पोटाच्या मध्याच्या वर आली. दोन हजार लिटरच्या आसपास. म्हणजे दोन टन. तीन पायांवर, दर बसला हिंदकळणारे.

पोटाखाली जाऊन हात वर केला आणि ती जागा शोधली. बोटाला सापडली नाही. इतकी छान बुजवली होती.

त्याच दुपारी

साहेबांना न विचारता ड्रिल घेऊन गेलो. बोटभर भोक पाडलं. धार अशी आली की मी नखशिखान्त भिजलो. दहा मिनिटांत दोनशे माणूस.

"अरे, गाढव मुतलं!"

"चार महिने दाबून धरलं होतं बिचाऱ्याने."

"आणि याला बघा, नेमका खाली उभा!"

पोरं धारेखाली नाचली, फुलवालीने बादल्या भरून घेतल्या. धार थांबायला पावणेदोन तास लागले. मी सगळा वेळ तिथेच थांबलो. पोटाच्या सांध्यांतून कुठूनही थेंब आला नव्हता, आधी नाही, नंतर नाही. आयुष्यात बनवलेली ही माझी सगळ्यात उत्तम टाकी.

१४ सप्टेंबर

दुसरी चीरही मारून घेतली. पाणी गेल्यावर नवा सांधा हूं की चूं करत नाही. साहेब म्हणाले, "झालं ना, मग आता गप्प बसा. अहवालाची फाइल बंद झालीय. उघडली तर लोक विचारतील, मालकाने आधीच का नाही ओळखलं. पूल पुढच्या महिन्यात सुटतोय."

खरं आहे. घरी येऊन हिला तसंच सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मिस्त्रीची फाइल?"

१७ सप्टेंबर

तीन दिवस पत्र लिहितोय. पहिल्या मसुद्यात लिहिलं, 'अनपेक्षित पर्जन्यमानामुळे'. फाडला. पावसाचा काय दोष, तो दर वर्षी येतो. दुसऱ्यात शिल्पकारबाईंच्या कानांवर ढकललं. बाईंना फोन करून विचारलं, असं लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा. मी सही करते. कान माझेच आहेत. पण खालचं भोक मी बुजवायला सांगितलं नव्हतं." तोही फाडला.

तिसरा असा: 'पोटाच्या तळाचं भोक वेल्डर मिस्त्री यांनी पाणी जाण्यासाठी ठेवलं होतं. ते ठेवावं असं त्यांनी सांगितलं. मी ऐकलं नाही आणि माझ्या हाताने बुजवलं. पायाचा सांधा उत्तम होता. दीडपट ओझं त्याने महिनाभर पेललं. चूक पूर्णपणे माझी आहे. अहवालातलं त्यांच्याविषयीचं वाक्य काढावं.'

लिहायला पाच मिनिटं लागली.

२० सप्टेंबर

पत्र दिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. "विचार करा," म्हणाले. मी म्हटलं, शिक्का मारून द्या. पोच म्हणून दोन प्रती शिक्क्यासकट घेतल्या. पुलाबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दारापर्यंत पोचवायला यायचे, आज आले नाहीत.

२५ सप्टेंबर

कळलं की पूल दुसऱ्याकडे गेला. चौदा जणांना सांगितलं. एकाने फक्त विचारलं, "मग मिस्त्री येणार का परत?" मी म्हटलं, आणायलाच जातोय. शिक्क्याची प्रत आहे हातात, आता का नाही यायचा?

२६ सप्टेंबर

सकाळी नऊला त्याच्या घरी गेलो. खुंटीवरचा मुखवटाही बरोबर नेला होता, पुसून. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी उभ्यानेच दोनदा वाचलं, आणि घडी घालून त्याच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलं. "घरी आले की वाचतील. बारीक अक्षराला लागतो त्यांना चष्मा. वेल्डिंगला नाही लागत."

"कुठे गेलाय?"

"कामावर."

मी विचारलं, कुठल्या? बसच्या बॉडी बांधतात त्या कारखान्यात, म्हणाल्या. दोन पोरं हाताखाली दिलीत, चहा जागेवर येतो.

"कधीपासून, वहिनी?"

"तुमच्याकडून शनिवारी आले ना, लगेच सोमवारपासून. आठला हजर व्हावं लागतं."